सभागृहात जमतं, मांडवात का पडतं?

प्रश्न : शाळेच्या सभागृहात शंभर-दीडशे लोकांपुढे माझं भाषण जमतं. तेच गणेशोत्सवात चौकातल्या मांडवात केलं, की दहा मिनिटांत लोक आपसात बोलू लागतात. श्रोते पाहून शैली बदलावी का? तसं केलं तर तो अनुनय होत नाही का?
– एक शिक्षिका

उत्तर : शैली जरूर बदला. मांडवात तुमचा विषय पडत नाही, वाक्य पडतं.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चौकात दोन कर्णे एकमेकांपासून ७० मीटरवर असतील, तर एका कर्ण्याजवळ बसलेल्याला दुसऱ्याचा आवाज सुमारे ०.२ सेकंद उशिरा पोचतो. मग एक शब्द दुसऱ्यावर चढतो. त्यात मराठीत क्रियापद आणि ‘नाही’ शेवटी येतात, आणि बहुतेक वक्ते नेमके तिथेच आवाज खाली सोडतात. पंचवीस शब्दांच्या वाक्यातला शेवटचा ‘नाही’ हरवला, की अर्थच उलटा होतो. म्हणून मांडवात वाक्य सात-आठ शब्दांचं ठेवा, क्रियापद ठासून म्हणा आणि मग एक श्वास थांबा. सभागृहात मिनिटाला १२० शब्द चालतात, चौकात ९० पुरेत.

दुसरा बदल म्हणजे श्रोत्याला बोलतं करणं. गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत आणि त्यांच्या उत्तरावरून पुढे सरकत. समोर बहुतेक निरक्षर, दिवसभर राबून आलेली माणसं असत. तासभर सरळ मांडणी करून जे साधलं नसतं, ते या सवाल-जबाबांनी साधलं, कारण निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून येई. तुमचा प्रश्न मात्र एका शब्दात उत्तर देता येईल असा हवा. लांब उत्तराचा प्रश्न विचारलात, तर नुसता गलका होतो. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत (ती १८७५ पासूनची) विषय आधी जाहीर असतो, लोक मुद्दा ऐकायच्या तयारीने येतात. तिथे असे प्रश्न वारंवार विचारले तर श्रोता वैतागतो.

हशा किंवा टाळी आली, की ती निम्मी ओसरल्यावर पुढचं वाक्य सुरू करा. आधी सुरू केलंत तर पहिले दोन-तीन शब्द वाया जातात, पूर्ण शांततेची वाट पाहिलीत तर पकड सुटते.

आता अनुनयाबद्दल. तुमची शंका रास्त आहे, कारण टाळी वक्त्यालाही शिकवते. ज्या वाक्याला टाळी पडते ते पुढच्या सभेत आधी येतं, मग दोनदा येतं आणि त्यात नसलेली धार चढते. भाषणाआधी तुमचे तीन मुद्दे कागदावर लिहून ठेवा. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी कागद समोर ठेवून ऐका. उदाहरणं, बोली, वेग, क्रम बदलला असेल तर हरकत नाही. गैरसोयीचा मुद्दा गाळला गेला असेल, किंवा ‘काही जण’चे ‘सगळेच’ झाले असतील, तर तो अनुनय. पुढच्या वेळी तो मुद्दा पहिल्या पाच मिनिटांतच मांडा. पहिली टाळी पडून गेल्यावर तो मांडणं फार जड जातं.