वाचकांचे प्रश्न : जुना धक्का, नवे पाहुणे

प्रश्न : आमच्या छोट्या बंदरगावात जुना दगडी धक्का, दीपगृह आणि बंद पडलेल्या वखारी आहेत. पर्यटक फोटो काढून अर्ध्या तासात निघून जातात. रंगरंगोटीपासून सुरुवात करावी का?

उत्तर : रंगाचे डबे तूर्त बंदच ठेवा. आधी पायी फेरी आखा : दीड-दोन किलोमीटर, दीड तास, सात-आठ थांबे. एका वाटाड्यामागे पंधराच माणसं. त्यापुढच्यांना समुद्राच्या वाऱ्यात काही ऐकू येत नाही. नुसत्या बांधकामाच्या सालासाठी कुणी थांबत नाही. धक्क्याच्या कडेला दोर घासून पडलेल्या खाचा असतील, तर त्यात बोट घालून बघू द्या. इथे कुठली जहाजं लागत, काय उतरत असे, हे मग लोक आपणहून विचारतात.

फेरी फसते ती बहुधा वेळापत्रकापायी. ‘दर शनिवारी चार वाजता’ असं छापून टाकलं जातं. पण भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो. या शनिवारी चारला तळाच्या पायऱ्या उघड्या असतील, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी भरती. महिन्याच्या वेळा भरतीच्या कोष्टकावरूनच ठरवा आणि पायऱ्यांपाशी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे परतेपर्यंत पाणी उतरतंच असेल. हिरव्या शेवाळाच्या पट्ट्यावर मात्र कुणालाही पाय ठेवू देऊ नका.

प्रश्न : लोखंडी माहितीफलक वर्षात गंजले. ॲल्युमिनियमचे लावावेत का?

उत्तर : लावा, पण बोल्ट बघून. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टीलचा बोल्ट थेट भिडला की खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार होतो आणि बोल्टभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, ३०४ चे समुद्रकाठी डागाळतात. मजकूर साठ-सत्तर शब्दांत बसवा. फलक जुन्या भिंतीला ठोकायचा नाही, वेगळ्या खांबावर लावायचा.

प्रश्न : धक्क्याच्या दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरून घेऊ का?

उत्तर : नको. मूळ बांधकाम चुन्याचं असेल तर सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती मग दगडातून सुकते, मिठाचे स्फटिक दगडाच्या आतच फुगतात आणि पापुद्रे सुटू लागतात. दरज रुंदीच्या दुप्पट खोल उकरा, गोड्या पाण्याने धुऊन ओली ठेवा आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरा. साधा चुना लाटांच्या माऱ्यात टिकत नाही. इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांनी इंग्लंडच्या प्लिमथ बंदरासमोरच्या एडिस्टोन खडकावरचं दीपगृह अशाच चुन्यात बांधलं, १७५९ मध्ये. पुढे खालचा खडक झिजला, दीपगृह धड राहिलं. त्याचा वरचा भाग प्लिमथच्या किनाऱ्यावर हलवला, तिथे आज पर्यटक तिकीट काढून चढतात! भरलेल्या दरजांवर काही दिवस ओलं गोणपाट टाका. भर उन्हात भरल्यात तर चुना भुसभुशीत होऊन गळेल.