गुडघा अर्धाच बदललाय, मग अजून सुजतो कसा?

धाराशिवहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. वय 52, ज्युनिअर कॉलेजला शिकवतात, ऑपरेशनच्या आधी रोज संध्याकाळी बॅडमिंटन आणि दरवर्षी कोजागरीला मैत्रिणींसोबत पायी तुळजापूर. डाव्या गुडघ्याची आतली बाजू झिजली म्हणून लातूरला पार्शल नी रिप्लेसमेंट, म्हणजे गुडघ्याचा झिजलेला भाग तेवढाच बदलणं, करून घेतलं, त्याला आता 8 आठवडे झालेत. त्या लिहितात:

"ताई, सगळे म्हणायचे अर्धाच गुडघा बदलायचाय, महिन्यात पळायला लागशील. इथं तर संध्याकाळ झाली की गुडघा सुजायलाय, हात लावला की गरम लागतोय, रात्री झोप नाही. शेजारच्या काकूंनी दोन्ही गुडघे पूर्ण बदलले तरी त्या माझ्याआधी जिना चढायला लागल्या. घरी हे मला चहाचं पातेलंसुद्धा उचलू देत नाहीत, उगं बसून राहा म्हणतात, जीव गुदमरायलाय माझा. म्हणून हे ऑफिसला गेले की मी गपचूप हातलादेवीच्या रस्त्यानं चालून येते. परवा चार-पाच किलोमीटर झालं असेल, घरी आल्यावर गुडघा असा फुगला की रडूच आलं. ह्यांना सांगितलं नाही, तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनाही सगळं ठीक आहे असंच म्हणाले. मैत्रिणींची कोजागरीची तयारी सुरू झालीय. मी ऑपरेशन करून चूक केली का?"

अगं बाई, ताई म्हणालीस म्हणून तुला अगं-तुगं करते. चूक केलीस का ह्याचं उत्तर आठव्या आठवड्यात देता येत नाही, तुलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही, कारण तुझा गुडघा अजून बरा व्हायलाय, झालेला नाही. पार्शलवाली माणसं टोटलवाल्यांपेक्षा, म्हणजे पूर्ण गुडघा बदललेल्यांपेक्षा, साधारण लवकर चालायला लागतात हे खरंय, पण म्हणून महिन्यात पळायचं कुणी सांगितलं? गुडघ्याचे तीन कप्पे असतात, आतला, बाहेरचा आणि वाटीच्या मागचा. तुझा फक्त आतला बदललाय, मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, खाली नळीच्या हाडावर धातूची प्लेट आणि मध्ये प्लास्टिकचा तुकडा. टोटलमध्ये सांध्याच्या मधला एक लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तरी बहुतेक वेळा काढावा लागतो, तुझे सगळे जागेवर आहेत, म्हणून पुढं जाऊन हा गुडघा आपलाच वाटतो असं बरेच जण सांगतात. पण हाड कापलंय, सांधा उघडलाय, ते भरायला लागणारा वेळ काही अर्धा होत नाही. संध्याकाळची सूज आणि हाताला लागणारी ऊब तीन महिने, कुणाला सहा महिनेसुद्धा राहते, आणि सुधारणा तर वर्षभर चालू असते. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागत असेल, मधेच टक्क आवाज येत असेल, त्यालाही घाबरू नको, तेही बहुतेकांना होतं.

आता परवाच्या चालण्याचं. तू खेळणारी बाई, दुखलं तरी रेटायचं ही तुझी सवय, आणि सगळ्यात जास्त त्रास तुझ्यासारख्यांनाच होतो बघ, आळशी माणसाला सांगावं लागतं ऊठ आणि तुम्हाला सांगावं लागतं थांब. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, तो आवळला नाही की सगळा भार सांध्यावर येतो, भार आला की सूज वाढते, आणि मग तू म्हणतेस चालून चालून ताकद येईल. अशी येत नाही गं. आधी स्नायू जागा करायचा. पलंगावर पाय सरळ ठेव, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी घाल, गुडघा खाली दाबून मांडी घट्ट आवळ, पाच आकडे मोज, सोड, असं दहादा, दिवसातून तीन-चार वेळा. मांडीवर हात ठेवून बघ, डावी बाजू उजवीपेक्षा मऊ लागेल. ती कडक व्हायला लागली की समज गाडी रुळावर आली. मग फिजिओ सांगतील तसं पाय सरळ उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, आणि कठडा धरायचा.

आणि व्यायाम झाला की ती गुंडाळी काढून टाकायची. बऱ्याच जणी गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात, बरं वाटतं म्हणून, तू घेत असशील तर आजपासून बंद. रात्रभर गुडघा वाकलेला राहिला तर पूर्ण सरळ व्हायचा राहून जातो, आणि पाय सरळ झाला नाही तर चाल कायमची लंगडी राहू शकते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घे, कुशीवर झोपलीस तर दोन पायांच्या मधे. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं पाय छातीपेक्षा उंच ठेवून सुती फडक्यात गुंडाळलेला बर्फ लाव. तेल लावून रगडणं, गरम विटेचा शेक, कुणी ओळखीचा मालीशवाला आणतो म्हणालं तर हात जोडून नाही म्हण.

चालणं किती ते सकाळी ठरव. संध्याकाळची सूज सगळ्यांनाच येते, तिच्यावर जाऊ नको. सकाळी उठल्यावर गुडघा कालच्या सकाळइतकाच असेल तर काल केलं ते झेपलं, जास्त फुगलेला आणि ताठर असेल तर काल जास्त झालं, आज कमी कर. दहा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्यांपासून धर आणि आठवड्याला थोडं थोडं वाढव. परवाच्या चालण्यानं आतलं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही, पण मी डॉक्टर नाही, तुझ्या डॉक्टरांना फोन करून खरं सांग. सगळं ठीक आहे म्हणालीस तेव्हा त्यांनी ठीकच समजून पुढचं सांगितलं ना! त्यांना सांगायचं की दुखणं आठवड्या-आठवड्याला कमी होतंय का वाढतंय, रात्री किती वेळा जाग येते, पाय किती वाकतो आणि पूर्ण सरळ होतो का. आणि पोटरी दुखून सुजली, टाक्यातून पाणी किंवा पू आला, लाली पसरायला लागली, ताप आला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ दवाखान्यात इमर्जन्सीला, कारण पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते.

शेजारच्या काकूंचं मनातून काढून टाक. त्यांचे गुडघे किती वर्षं बिघडले होते, त्यांना देवळापर्यंत जाऊन यायचंय का बॅडमिंटन खेळायचंय, तुला काय माहीत आणि त्यांना तुझं काय माहीत.

आता घरचं, कारण मला तुझ्या पत्रात गुडघ्यापेक्षा हेच जास्त दुखताना दिसलं. तुझे मिस्टर चूक करायलेत. बसून राहण्यानं गुडघा आखडतो आणि गुठळीचा धोका वाढतो, आणि 52 वर्षांच्या कमावत्या बाईला चहाचं पातेलं उचलू न देणं ही काळजी असली तरी तिचा जाच होतो, हे मी स्पष्ट सांगते. पण तू ऑपरेशन थिएटरमध्ये होतीस तेव्हा हा माणूस बाहेरच्या बाकावर बसलेला होता गं, ती भीती अजून त्याच्या अंगातून गेलेली नाही. तू चोरून चालायला जातेस हे त्याला एक दिवस दुसऱ्याकडून कळणार, धाराशिव केवढंसं गाव आहे, आणि मग तो आणखी घट्ट धरणार. म्हणून तू आपणहून सांग, परवा चार-पाच किलोमीटर चालले, गुडघा सुजला, आणि तुम्हाला सांगायची भीती वाटली. एवढंच, वाद नको. मग पुढच्या वेळी फिजिओकडे त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांच्यासमोर विचार की स्वयंपाकाला किती वेळ उभं राहायचं, किती चालायचं, स्कूटी कधी. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना हट्ट वाटतो, फिजिओनं सांगितलं की ते औषध होतं, बहुतेक नवऱ्यांचं असंच असतं. आणि त्यांच्या काळजीला काम दे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा म्हणावं, सरकणारी पायपुसणी उचला, संध्याकाळच्या फेरीला माझ्यासोबत चला. चहा मात्र तूच कर.

स्कूटी कधी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालवू नको, आपण सिग्नलला बहुतेक डावाच पाय टेकवतो आणि तुझा तोच आहे.

कोजागरीला ह्या वर्षी पायी जायचं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, वर्षानुवर्षं चालणाऱ्या बाईला ती रात्र म्हणजे काय असते ते आपल्याकडच्यांनाच कळतं. पण वीस किलोमीटरच्या वर डांबरी रस्ता, रात्रभर गर्दीचा रेटा, आणि पोचल्यावर महाद्वारातून खाली देवळापर्यंत पायऱ्या, त्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या. बऱ्या होणाऱ्या गुडघ्याला उतरणंच जास्त जड जातं. आणि आपली आई तरी काय करते, नवरात्रभर महिषासुराशी लढून झालं की दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. देवीला विश्रांती चालते आणि तुला चालत नाही असं कसं? ह्या वर्षी रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी चहा-फराळाचे स्टॉल लागतात तिथं खुर्ची टाकून बस, मैत्रिणींना चहा दे, दर्शनाला नंतर गर्दी ओसरल्यावर गाडीनं जा. पुढच्या वर्षीचं पायी जाणं मी खोडून टाकत नाही. चालण्यानं हा गुडघा खराब होत नाही, मांडीची ताकद आली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की उन्हाळ्यापासून हळूहळू अंतर वाढवत न्यायचं.

बॅडमिंटनचंही तसंच. पोहणं, सायकल, चालणं ह्याला बहुतेक डॉक्टर खुशाल हो म्हणतात, डबल्स काही महिन्यांनी त्यांना विचारून सुरू होऊ शकतं, पण उड्या मारून स्मॅश आणि पळणं सोडावं लागेल, कारण मधलं प्लास्टिक झिजतं आणि बसवलेला भाग ढिला होऊ शकतो. 2019 साली ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या गुडघे बदललेल्यांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात 25 वर्षांनी पार्शलचे 10 पैकी साधारण 7 गुडघे टिकलेले होते, टोटलचे 8. तू 52 ची आहेस, तुला हा गुडघा तेवढा पुरवायचाय, म्हणून खेळ थोडा बदलून खेळ. वजनावर लक्ष ठेव, शुगर असेल तर ती कंट्रोलमध्ये ठेव, आणि दाताचं काही काम निघालं तर डेंटिस्टला गुडघा बदललाय हे आधी सांग.

कॉलेजला परत जाशील तेव्हा पहिले काही दिवस सलग तास घेऊ नको, प्रिन्सिपलना सांगून मधे एक तास मोकळा मागून घे. वर्गात खुर्ची ठेवायला सांग आणि स्टाफरूममध्ये पाय वर ठेवायला एक स्टूल. लाजायचं नाही, शिपायाला सांगून आदल्या दिवशीच ठेवून घ्यायचं.