हलत्या टूल कपाटाला प्लायवूड की एमडीएफ? आधी चाकं ठरवा

चाकांवर ढकलता येईल असं टूल कपाट कशाचं करू, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी), प्लायवूड की लोखंडी पत्रा, असं विचारलंत. हत्यारं अडीचशे किलोच्या आसपास भरतील असंही लिहिलंत. मग फळीचं नंतर बघू, आधी तळ आणि चाकं.

कपाटाचं स्वतःचं वजन ५० किलो धरलं तर एकूण ३००. त्याला चारने नाही, तीनने भागा. जमीन कुठेच सपाट नसते, एखादं चाक अधांतरी राहतं आणि सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणजे प्रत्येक चाक किमान १०० किलोचं हवं, १२५ चं मिळालं तर तेच घ्या. व्यास १०० ते १२५ मिमी. लहान चाक उंबऱ्याला अडतं, वायरीलासुद्धा. साधं रबर एका जागी भार घेऊन उभं राहिलं की चपटं होतं, नायलॉन खडखडतं, पॉलियुरेथेन (रबरासारखं पण चिवट प्लास्टिक) बरं. ब्रेक असा घ्या की चाकाबरोबर त्याचं वळणंही थांबेल, नाहीतर पाना आवळताना कपाट डुलत राहतं. चाकाची प्लेट लाकडी स्क्रूने नको, आरपार बोल्ट आणि मोठा वॉशर. तळाला १८ मिमीच्या दोन फळ्या चिकटवून घ्या आणि बाजूच्या उभ्या फळ्या चाकांच्या अगदी वर येतील असं माप काढा.

आता फळी. सांगाड्याला १८ मिमी प्लायवूड. एमडीएफ गुळगुळीत असतं, पण त्याच मापात जड, आणि कडेत स्क्रू मारला की चिरतं. ओल लागली तर फुगतं ते वेगळंच. पार्टिकल बोर्डचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा) विचारही नको. ढकलताना बसणाऱ्या प्रत्येक धक्क्याने त्यातले स्क्रू सैल होत जातात. पाठीला मात्र कंजुषी करू नका. ९ मिमी प्लाय चारी बाजूंनी गोंद आणि स्क्रूने पक्कं बसवलं की चौकट तिरकी होत नाही.

पत्रा वाईट नाही. वेल्डिंग जमत असेल तर चौकोनी पाइपची चौकट करून आत प्लायवूडचे खण, हे मला सगळ्यात आवडतं.

खणांना १२ मिमी प्लाय, जड खणांचा तळही तेवढाच. पूर्ण उघडणारे बॉल बेअरिंग चॅनल, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्या, बसवणार असाल तर दोन्ही बाजूंना साधारण १२.७ मिमी जागा सोडावी लागते. जड हत्यारं खालच्या खणात. वरचे दोन-तीन भरलेले खण एकदम ओढले तर असं कपाट पुढे कलंडतं.

खणांची रुंदी-खोली कळवा, मग चॅनल किती किलोचा लागेल ते सांगतो.