हृदयविकाराचा धोका आणि वंशाचा रकाना

प्रश्न : माझे जावई न्यू जर्सीत असतात, वय ४३. त्यांच्या वडिलांना पन्नाशीतच हृदयविकाराचा झटका आला होता. तिथल्या डॉक्टरांनी मात्र आकडे भरून ‘धोका कमी’ असे सांगितले. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हृदयविकाराचे उपचार कमी मिळतात, असेही वाचनात आले. हा फरक रक्तातला की वागणुकीतला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कृष्णवर्णीयांच्या बाबतीत वागणुकीचा वाटा फार मोठा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२० डॉक्टरांना छातीत दुखण्याची तक्रार सांगणाऱ्या ‘रुग्णांच्या’ चित्रफिती दाखवल्या गेल्या. ते सारे नट-नट्या होते. संवाद तेच, अंगावरचा झगाही तोच. तरीही अँजिओग्राफीची शिफारस कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला सर्वांत कमी आली. याच्या उलट, लॉस एंजेलिसमध्ये औषधतज्ज्ञ थेट कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांत जाऊन रक्तदाबाची औषधे देऊ लागले, तेव्हा सहा महिन्यांत तिथल्या पुरुषांचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना न्हाव्याने केवळ ‘राहणी सुधारा, डॉक्टरांकडे जा’ एवढेच सांगितले, त्यांचा सुमारे ९ अंकांनी. माणसे त्याच समाजातली होती, फक्त उपचार त्यांच्या दारी गेले होते.

आता जावयांविषयी. अमेरिकेत २०१३ पासून रूढ असलेले, हृदयविकाराचा धोका मोजण्याचे गणित गोऱ्या आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या माहितीवर बेतलेले होते, त्यामुळे भारतीय माणसाचे आकडे भरले तरी हिशेब गोऱ्या माणसाचाच होई आणि धोका प्रत्यक्षाहून कमी दिसण्याची शक्यता राही. २०२३ च्या नव्या सूत्रांतून वंशाचा रकाना काढून टाकला, हे तत्त्व म्हणून मला पटते. पण दक्षिण आशियाई माणसाची वेगळी नोंद त्यांतही नाही आणि वडिलांच्या आजाराचीही नाही. ब्रिटनमधल्या गणितात मात्र भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगळे पर्याय असतात. २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी दक्षिण आशियाई वंश आणि वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत झालेला हृदयविकार, हे दोन्ही धोका वाढवणारे घटक मानले आहेत. जावयांना दोन्ही लागू होतात, म्हणून ही माहिती त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगावी, लायपोप्रोटीन-ए (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) मोजणारी रक्ततपासणी आणि हृदयाच्या रोहिण्यांतील कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन आपल्याला आवश्यक आहे का, हे विचारावे आणि कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा.