जर्मनीत बाळंतपण, रक्ताची तपासणी आणि ‘झील की चेडू’

तू लिहिलंस त्यावरून मला समजलं ते असं. तू कुडाळची, गरोदरपणाचा आठवा आठवडा चालू आहे. नवऱ्याला श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे, तो दीड-दोन महिन्यांत जाणार आणि तुझा व्हिसा झाला की तू मागून जाणार. तुझ्या नणंदेने सांगितलं की बाहेर दहाव्या आठवड्यातच आईच्या रक्तावरून मुलगा की मुलगी ते कळतं. तुला विचारायचंय की हे खरं का, तिथे कायदेशीर का, इथे परत आल्यावर त्रास होईल का, आणि तपासणी इथे करून जावी की तिथे पोचल्यावर करावी. मी मूळची देवगडची, माझी मुलगी तिथे श्टुटगार्टलाच झाली, तेव्हा जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं लिहिते.

नणंद म्हणते ते खरं आहे. वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, पेशी सतत झडत असतात आणि त्यांच्यातले डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात मिसळतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्तात असे जे मोकळे तुकडे असतात, त्यातले साधारण दहा टक्के वारेतून आलेले असतात. संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मुलगा पोटात असलेल्या बायकांच्या रक्तात वाय गुणसूत्राचे, म्हणजे फक्त मुलग्यांत असणाऱ्या गुणसूत्राचे, तुकडे दाखवून दिले, आणि २०११ पासून ही तपासणी बाजारात आली. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. वाय सापडला तर मुलगा, नाही सापडला तर मुलगी, असा हिशोब.

पण ही तपासणी काढली गेली ती त्यासाठी नाही. ती मुख्यतः डाऊन सिंड्रोमसाठी, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आहे का हे बघायला, आणि सोबत अठराव्या नि तेराव्यासाठी. लिंग हे त्यातून आपोआप निघणारं उप-उत्पादन. माझं स्पष्ट मत आहे की ही तपासणी करायची की नाही हे डाऊनचा रिपोर्ट हातात आला तर आपण काय करू, यावर दोघांनी बसून ठरवावं. ‘काय आहे ते कळेल’ म्हणून रक्त दिलं आणि आलं भलतंच, तर त्या फोनला तोंड द्यायची तयारी नसते. तिथे माझ्या ओळखीत एकीचं असंच झालं होतं. पुढे गर्भजलाची तपासणी करून सगळं नीट निघालं, पण मधल्या काळात त्या घरात कुणी धड जेवत नव्हतं.

हे होतं कारण ही चाळणी आहे, निदान नव्हे. डाऊनची शंभर बाळं असली तर नव्याण्णवच्या आसपास ती पकडते, पण पंचविशीतल्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो खोटा असण्याची शक्यता बरीच असते, कारण त्या वयात मुळात डाऊनची बाळंच कमी. तेराव्या गुणसूत्राच्या बाबतीत तर आणखी जास्त. म्हणून पॉझिटिव्ह आला की वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून खात्री करतात, तोवर कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो. आईचं वजन जास्त असेल किंवा रक्त फार लवकर काढलं तर वारेचे तुकडे कमी भरतात आणि रिपोर्टच येत नाही, पुन्हा रक्त द्यावं लागतं. जुळ्यातलं एक सुरुवातीलाच जिरून गेलं असेल तर त्याचे तुकडेही काही काळ रक्तात राहतात आणि लिंगाचा निकाल चुकू शकतो. अमेरिकेत घरी बोट टोचून करायचे किट मिळतात. त्यात घरातल्या पुरुषाचा हात लागला तरी ‘मुलगा’ येऊ शकतो.

आता जर्मनीचा कायदा, कारण तुझा खरा प्रश्न इथे आहे. अमेरिकेत दहाव्या आठवड्यात रिपोर्टवर लिंग छापून येतं, जर्मनीत तसं नाही. २०१० पासून लागू असलेल्या जनुकीय तपासणीच्या कायद्यात लिहिलंय की लिंग सांगायचं ते आईच्या संमतीने आणि गर्भधारणेचे बारा आठवडे पूर्ण झाल्यावरच. ते बारा आठवडे गर्भ राहिल्यापासून धरतात, म्हणजे आपल्या पाळीच्या हिशोबाने चौदा. कारण उघड आहे. तिथे समुपदेशन घेऊन बारा आठवड्यांपर्यंत गर्भपात करणाऱ्या बाईला शिक्षा होत नाही, आणि मुलगा-मुलगी बघून तो निर्णय होऊ नये, म्हणून ही माहिती मुद्दाम उशिरा देतात. आपल्याकडे दार कायमचं बंद ठेवलं, त्यांनी उशिरा उघडायचं ठरवलं, पण भीती तीच.

शिवाय रक्त काढण्याआधी डॉक्टरने तुला बसवून समजावून सांगणं आणि तुझी लेखी संमती घेणं सक्तीचं आहे. तुझी, नवऱ्याची नव्हे. माझ्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे केला, त्यात एकविसाव्याचा चौकोन वेगळा, अठरा-तेराचा वेगळा, लिंगाचा वेगळा. माझा नवरा उत्साहाने पेनाकडे हात न्यायला लागला तर बाईंनी हसत पेन माझ्याकडे सरकवलं. न जाणून घेण्याचाही हक्क आहे असं त्यांनी दोनदा सांगितलं. दंडातून नेहमीसारखं रक्त काढलं आणि काही दिवसांनी फोन आला की तीनही बाबतीत काही संशयास्पद नाही. लिंगाबद्दल चकार शब्द नाही. ते पुढच्या भेटीला, चौदा आठवडे भरल्यावर सांगितलं.

पैशाचं म्हणशील तर जुलै २०२२ पासून सरकारी आरोग्य विमा या तपासणीचा खर्च देतो, पण फक्त त्या तीन गुणसूत्रांसाठी, आणि बाईने डॉक्टरशी बोलून तिच्या परिस्थितीत गरज आहे असं ठरवलं तर. लिंग बघायचं असेल तर ते पैसे आपले आपण. इंग्लंडला तुझा चुलतभाऊ आहे म्हणालीस ना, तिथे सरकारी दवाखान्यात ही तपासणी आधीच्या चाचणीत धोका जास्त दिसला तरच देतात आणि लिंग सांगत नाहीत. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून सगळ्या गरोदर बायकांना फुकट आहे, तरी लिंग सांगत नाहीत. म्हणजे ‘बाहेर सगळीकडे कळतं’ हे नणंदेचं वाक्य अर्धंच खरं.

आपल्याकडचं तुला ठाऊक आहे, सोनोग्राफीच्या प्रत्येक दारावर पाटी आहेच. लिंग तपासण्याविरुद्ध महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९८८ सालीच केला होता, देशाचा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. आता लिंग विचारणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. बाईच्या बाबतीत कोर्ट आधी हेच धरून चालतं की नवऱ्याने आणि सासरच्यांनी तिला भाग पाडलं. डाऊनसाठीची हीच रक्ततपासणी इथे कायदेशीर आहे आणि होते, रिपोर्टमध्ये लिंग नसतं एवढंच. एखाद्या लॅबवाल्याने ‘सॅम्पल बाहेर पाठवून सांगतो’ असं कानात सांगितलं तर तिथून उठून ये. इथे रक्त काढून ते विचारणं हा इथलाच गुन्हा आहे. जर्मनीत तिथल्या डॉक्टरने तिथल्या कायद्याप्रमाणे तुला सांगितलं तर गोष्ट वेगळी. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणी माहेरी येऊन गेल्या, कुणी काही विचारलं नाही.

विचारतात ते घरचे. माझी मोठी सासूबाई व्हिडिओ कॉलवर जेवलीस का असंही न विचारता थेट, “डॉक्टरान काय सांगल्यान गो? झील काय चेडू?” म्हणजे मुलगा की मुलगी. मनात वाईट काही नाही, पण एकदा इथे सांगितलं की ते वाडीत जातं, वाडीतून चाकरमान्यांबरोबर मुंबईला, आणि मग प्रत्येकाची प्रतिक्रिया तुझ्या फोनवर. कोकणात आपण अभिमानाने म्हणतो की आमच्याकडे मुलगी नको असं नसतं. एकूण लोकसंख्येत बायका जास्त दिसतात ते खरं, पण त्याचं कारण पुरुष मुंबईला. सहा वर्षांखालच्या मुलांचा आकडा बघितलास तर २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार मुलग्यांमागे ९२२ मुली होत्या, रत्नागिरीत ९३६. राज्याच्या ८९४ पेक्षा बरे, पण मिरवण्यासारखे नाहीत. आम्ही बारसं होईपर्यंत गावी सांगितलं नाही. सासूबाई रुसल्या, मग फोटो बघून विसरल्या. तुमच्या घरी कसं आहे ते तुलाच माहीत. नवऱ्याशी मात्र हे आधी ठरव, नाहीतर तो आईला पहिल्या फोनलाच सांगून मोकळा होईल.

आता इथे करायची की तिथे. तुझ्या तारखा बघता तू जर्मनीत पोचेपर्यंत सोळावा-सतरावा आठवडा असेल, व्हिसा लांबला तर अजून पुढे. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर, म्हणजे डाऊनचा धोका बघणारी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, यांची वेळ अकरा ते चौदा आठवडे, ती व्हिसासाठी थांबत नाही. म्हणून चाचणी जी काही करायची ठरवाल ती इथेच करून जा, कुडाळ, कोल्हापूर किंवा गोव्यात, जिथे तुझे डॉक्टर सांगतील तिथे. लिंगासाठी म्हणून तिथे परत रक्त देऊ नकोस, पैसे फुकट जातील. एकोणीस ते बावीस आठवड्यांत तिथे जी सोनोग्राफी विम्यात होते, तिच्यात बाळ नीट वळलेलं असेल तर दिसतंच. सांगू नका म्हणालीस तर डॉक्टर तेवढा वेळ स्क्रीन फिरवतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमा. नवरा सरकारी विम्यात असेल तर कमावती नसलेली बायको त्याच्या नावावर वेगळा हप्ता न देता येते, आणि आधीपासून गरोदर आहे म्हणून कुणी अडवत नाही. खाजगी विमा घेण्याच्या मोहात त्याला पडू देऊ नकोस. प्रवासाचा विमा नियमित तपासण्यांचे आणि बाळंतपणाचे पैसे देईल असं धरून चालू नकोस. बहुतेक विमान कंपन्या अठ्ठावीस आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि छत्तीसनंतर नेतच नाहीत, तेव्हा तिकीट त्या हिशोबाने काढ.

स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ मिळणं तिथे अवघड आहे. ‘नवीन पेशंट घेत नाही’ हे वाक्य ऐकायची सवय ठेव. नवरा पोचल्या दिवसापासून त्याला फोन करायला लाव, आणि सुईणीसाठीही लगेच. तिला तिथे हेबामे म्हणतात, बाळंतपणानंतर घरी येते, आणि आई जवळ नसताना तिच्यासारखा आधार दुसरा नाही. डॉक्टरकडे पहिल्या भेटीला मुटरपास नावाचं छोटं पुस्तक मिळेल, सगळे रिपोर्ट त्यात लिहिले जातात, ते पर्समध्येच ठेवायचं.

फाइल नेशील त्यात शेवटच्या पाळीची तारीख, पहिली सोनोग्राफी, रुबेला आणि हिपॅटायटीस बी चे रिपोर्ट, सगळं इंग्रजीत आणि शिक्क्यासह हवं. शेवटी तू सहज लिहिलंयस की तुझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे. ते सहज घेऊ नकोस. नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं, आणि त्यासाठी अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध उठू नये म्हणून. जर्मनीत आईच्या रक्तातल्या त्याच तुकड्यांवरून बाळाचा आरएच, म्हणजे रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ते बघायची तपासणी २०२१ पासून विम्यात आहे. बाळ निगेटिव्ह निघालं तर इंजेक्शनच टळतं. पहिल्याच भेटीत डॉक्टरला हे सांग, आणि इथे मधल्या काळात थोडंसंही रक्त गेलं तर वाट न बघता कुडाळच्या डॉक्टरांकडे जा.