जीडीएच्या प्रॅक्टिकलआधी हात बसवून घे

जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट, पेशंटची देखभाल करणारे मदतनीस. त्यांना शिकवायची पहिलीच बॅच आहे तुझी, म्हणून सांगते. शेवटच्या आठवड्यात नोट्स बाजूला ठेव आणि पोरांचे हात चालवून घे. पोरांना माहिती असते, पण परीक्षक समोर उभे राहिले की क्रम विसरतात.

सुरुवात हात धुण्यापासून. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात; घड्याळ लावून बघ, कितीतरी जण पंधरा सेकंदांत आटोपतात. अंगठे आणि नखांची टोकं हमखास राहतात. त्यात धुतलेल्याच हाताने नळ बंद केला की सगळी मेहनत पाण्यात! टिश्यूने नळ बंद करायची सवय लाव.

श्वसन मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही. कळलं की माणूस श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच, नजर मात्र छातीवर, पूर्ण एक मिनिट.

लकवा झालेल्या पेशंटला कपडे घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला. हे पाठांतराने राहत नाही. एकमेकींना गाऊन घालायला लाव. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, काही ‘आई गं’ म्हणत नाही ना!

दवाखान्यातला कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात, हे येता-जाता विचार: रक्ताचा कापूस पिवळ्यात, ग्लोव्हज लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात.

आणि मॅनिकिनशीही बोलायला लाव, “आजी, कुशीवर वळवते हं.” सुरुवातीला हसतील, हसू दे. पण वळवण्याआधी पलंगाचा ब्रेक बघितला नाही, तर तिथेच थांबव आणि पहिल्यापासून करून घे.