पिकलं पान होतं, मग मला एवढं का लागलं?

“मॅडम, 91 वर्षांची आई गेली तर माणसानं किती दिवस रडावं?”

सुनंदाताईंचा हा पहिला प्रश्न. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे.) वय 58, शिक्षिका म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आईला जाऊन दहा महिने झाले होते. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला होता, “सोनं झालं, पतवंडं बघून गेली.” तेराव्याच्या पंगतीत थोडी थट्टामस्करीही झाली. या मात्र अजून लसूण सोलता सोलता रडायच्या. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून सिंकचा नळ सोडून ठेवायच्या.

हा प्रश्न घेऊन पन्नाशी-साठीची लेकरं माझ्याकडे नेहमी येतात, आणि दुःखापेक्षा लाज जास्त घेऊन येतात. तरुण माणूस गेलं तर घराला रडायची मुभा असते. म्हातारं माणूस गेलं की ती तिसऱ्या दिवशी संपते. पण 58 वर्षं जी व्यक्ती सतत आहेच, ती नसण्याची सवय लागणार कशी? शेवटची चार वर्षं ताईंनी आईला भरवलं, न्हाऊ घातलं. पहाटे पाचला गोळी द्यायची असायची. आजही पाचला जाग येते आणि हातांना काम नसतं.

त्यांची झोप, जेवण, बाहेर जाणं-येणं मी विचारून घेतलं. सगळं बरं होतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत वर्ष उलटूनही दुःख तसंच तीव्र राहिलं, रोजची कामं अडू लागली, तर त्याला दीर्घकाळ रेंगाळलेला शोक म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. जगणंच नको वाटत असेल तर मात्र वर्षाची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येतं. ताईंचं तसं नव्हतं. त्या कुठेतरी अडल्या होत्या.

कुठे, ते तिसऱ्या भेटीत कळलं. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची होती. भावानं मजकूर पाठवला होता: ‘वात्सल्यमूर्ती, त्यागमूर्ती, यशस्वी उद्योजिका.’ ताई म्हणाल्या, “शब्द खोटे नाहीत ओ मॅडम. पण यात माझी आई कुठाय?”

वडील सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी साठच्या दशकात बंद पडली, तेव्हा ताईंचा जन्मही झाला नव्हता. आईनं घरातल्या उखळात शेंगाचटणी कुटून विकायला सुरुवात केली. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटणं. पुढे कडक भाकरी आली, हाताखाली बारा बायका आल्या, पुण्या-मुंबईला पार्सलं जाऊ लागली. वयाच्या 84 व्या वर्षापर्यंत त्या गल्ल्यावर बसत होत्या.

“आणि आम्ही?” ताई म्हणाल्या. “संक्रांतीत मैत्रिणी आईचा हात धरून सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज बघायला जायच्या. माझी आई होम मैदानावर, गड्ड्याच्या म्हणजे जत्रेच्या गर्दीत चटणी तोलत. भोगीला संमती कट्ट्यापाशी सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकायला मला दरवर्षी शेजारच्या काकू न्यायच्या. केसांना कायम लसणाचा वास. वर्गातल्या पोरी मला ‘चटणी’ म्हणायच्या.”

इथं माझं चुकलं. मी घाईनं म्हटलं, काही चांगल्या आठवणी सांगा ना. त्या गप्प झाल्या आणि पुढच्या दोन भेटींना आल्याच नाहीत. गेलेल्या आईवर राग असणं हेच त्यांना पाप वाटत होतं. त्या रागाला बसायला जागा द्यायची सोडून मीही भावाच्या जाहिरातीसारखंच बोलले होते.

त्या परत आल्या तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं, आईची एखादी वस्तू आणा. त्यांनी हिशेबाची लाल वही आणली. शेंगदाण्याचे भाव, उधाऱ्या, बायकांची हजेरी. रात्रभर बसून त्यांनी त्यात आपलं नाव शोधलं होतं. एकदाही सापडलं नव्हतं. सांत्वनाचं काही सुचत नव्हतं, आणि तेच बरं झालं. त्या पोटभर रडल्या.

शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन काढून घेणं, अशी मनोविश्लेषक फ्रॉइडची 1917 ची मांडणी होती. पुढे, 1996 मध्ये, क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी मांडलं की नातं तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहतं. मला हे आपल्याकडच्या माणसांना अधिक लागू पडताना दिसतं. पण चालू राहायला ते नातं खरं लागतं, जाहिरातीतलं नाही. म्हणून मी विचारलं, वहीतलं कुणी आज भेटेल का?

हजेरीतल्या एक मावशी पूर्व भागात राहतात, आता पंच्याहत्तरीच्या पुढे. ताई त्यांच्याकडे जाऊन आल्या आणि मावशींचे शब्द त्यांनी मला जसेच्या तसे ऐकवले: “अक्का तीनला उठून कुटाया बसायच्या. साडेसहा वाजले की मधीच उठायच्या. आमी म्हणायचो, अक्का, पोरीची येणी आमी घालतो, तुमी बसा. तर नाई. हात धुऊन जायच्या. पर लसणाचा वास धुतल्यानं जातोय व्हय?”

ताईंनी बोलता बोलता वेणी पुढे घेतली होती. बराच वेळ ती हातात धरून बसल्या.

भोगीच्या अक्षतांचा राग अजून आहे. तो काढायचा प्रयत्न मी केला नाही, त्यांनीही नाही. जाहिरात भावाच्याच शब्दांत छापून आली. वर्षश्राद्धाच्या दिवशी मात्र ताईंनी घरच्यांसमोर चार पानं वाचली. त्यात तीनचं उखळ होतं, गड्डा होता, ‘चटणी’ म्हणणाऱ्या पोरी होत्या. वाचन चालू असताना भाऊ उठून बाहेर गेला आणि डोळे पुसून परत येऊन बसला.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता लसूण सोलताना?

“येतं की रडू,” त्या म्हणाल्या. “पण आता नळ सोडत नाही.”